रोडकिंग, गुरुजी आणि 40 मिलीचं माप

माझी पहिली गाडी येझदी रोडकिंग मोटरसायकल. 1998 च्या फेब्रुवारीत घेतली, सेकंड हँड, खानापूरच्या एका रिटायर गुरुजींकडून, 11,000 रुपयांना. तेव्हा मी बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये लेथवर होतो, पगार महिना 2,200, घर वडगावात आणि जाणं-येणं सायकलनं. अंतर काही फार नाही, खरं सेकंड शिफ्ट सुटली की रात्री अकरा-साडेअकराला सायकल मारत यायचं, आणि आमच्याकडचा पाऊस म्हणजे जूनला सुरू झाला की गणपतीपर्यंत कपडे वाळत नाहीत, चुलीवर दोरी बांधून शर्ट वाळवायचे आणि त्याला धुराचा वास यायचा. तो वास अंगाला घेऊन सकाळी परत कामाला. गाडी पाहिजे असं त्या पावसातच डोक्यात बसलं.

बाबा पॉवरलूमवर होते, वडगाव-शहापुरात घरटी एकतरी माणूस तेव्हा मागावर असायचा. त्यांनी कधी गाडी चालवली नाही. आई म्हणायची फटफटी नको, हातपाय मोडून घेशील. मी दोन वर्षं हट्ट केला नाही, गप्प पैसे साठवत राहिलो. 4,000 जमले. मग आईनंच एक दिवस भिशीचे 5,000 पुढ्यात ठेवले आणि काही बोलली नाही, भाकऱ्या थापायला लागली. राहिलेले 2,000 धाकट्या मामानं दिले.

माझ्या वयाच्या सगळ्या पोरांना तेव्हा यामाहाची आरएक्स 100 पाहिजे होती. ती 1996 ला बंद झाली होती आणि बंद झाल्यावर सेकंड हँडचा भाव उलट वर गेला, कोण सोडायलाच तयार नाही. नवीन हिरो होंडा आपल्या हिशोबात बसत नव्हती. येझदीचं उलट. म्हैसूरचा कारखाना पण 1996 लाच बंद पडला, आणि सगळे म्हणायचे की आता पार्ट मिळणार नाहीत, घेऊ नको, भंगारात घालावी लागंल. म्हणून ती स्वस्त. मला वाटायचं, बेळगावात एवढ्या फाउंड्र्या आहेत, एवढे लेथ आहेत, अख्ख्या देशाचे क्रँकशाफ्ट इथं घासून जातात आणि एका गाडीचे पार्ट होणार नाहीत काय.

गुरुजींचं घर खानापुरात मलप्रभेच्या बाजूला. मराठी शाळेत 30 वर्षं शिकवून रिटायर झालेले, गाडी 1986 साली नवीन घेतलेली. नंबर जुन्या सिरीजचा, पाटीवर कर्नाटकाचं केए यायच्या आधीचा. सोप्यात धोतराच्या जुन्या कापडाखाली गाडी झाकलेली, कापड काढलं तर टाकीचा लाल रंग थोडा फिका झालेला खरं डेंट एक पण नाही, दोन्ही सायलेन्सर चकचकीत. मी तर बघूनच घेतली होती, भाव करायचं पण सुचलं नाही. गुरुजींनी मात्र लगेच दिली नाही. आधी माझे हात बघितले. हाताला ग्रीस, नखात बिडाचा चुरा. काम काय करतोस विचारलं. लेथवर आहे म्हटल्यावर म्हणाले, "मग तुला कळंल. बस."

आणि चहा होईपर्यंत त्यांनी मला शाळेतल्या पोराला शिकवतात तसं शिकवलं. ह्या गाडीत किकचा दांडा आणि गिअरचा दांडा एकच, डाव्या बाजूला. आत ढकलून वर फिरवला की किक, चालू झाली की परत खाली आणून गिअर. दुसरं, ही टू स्ट्रोक, हिच्या इंजिनात तेलाची वेगळी टाकी नाही. आरएक्सला तेल वेगळं भरायचं आणि पंप आपला आपण सोडतो, हिला तसं नाही, पेट्रोलमध्येच तेल मिसळून द्यायचं. त्यांनी टूल बॉक्समधनं एक माप काढलं. औषधाच्या बाटलीचं जाडसर टोपण होतं, त्यावर 40 मिलीच्या जागी ब्लेडनं रेघ मारलेली. एका लिटरला एक माप. "तेल आधी, पेट्रोल मागनं. आणि अंदाजानं घालायचं न्हाई. अंदाज सगळ्यात वाईट." मी हो म्हणालो. एक वही पण दाखवली त्यांनी, 200 पानी, किती लिटर, किती माप, किती किलोमीटर, प्लग कधी साफ केला, सगळं बारा वर्षांचं. वही मात्र दिली नाही.

गाडी नावावर करायच्या 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सह्या झाल्या. मला गाडी चालवता येत नव्हती. माझ्याबरोबर शॉपमधला मित्र आला होता, बैलहोंगलकडचा, घरी कन्नड आणि आमच्यात मराठी, त्यानं चालवली आणि मी डबल सीट. खानापूर ते बेळगाव 26 किलोमीटर तो सगळा रस्ता वाऱ्यात ओरडून सांगत होता, आता क्लच दाबलो, आता तिसरा टाकलो, आवाज ऐक, इंजिन अडखळलं की खाली आण. मला निम्मं ऐकू येत नव्हतं. खरं आवाज ऐक एवढं बरोबर ऐकू आलं.

घराच्या दारात आईनं नारळ फोडला, लिंबू चाकाखाली ठेवलं, टाकीला हळदकुंकू लावलं. बाबा कामावरनं आले आणि गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "म्हैसूरची काय?" मी हो म्हटलं. 1956 ला बेळगाव मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात गेलं तेव्हा बाबा शाळेत होते, म्हैसूर हा शब्द आमच्या घरात वेगळ्याच सुरात यायचा. ते थोडा वेळ उभे राहिले, सीटवरनं हात फिरवला आणि म्हणाले, "चांगली केलीया."

शिकलो टिळकवाडीत, व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर. अर्धं बेळगाव तिथंच शिकलंय, मोठी झाडं आहेत, सकाळी लोक चालायला येतात. रोज सकाळी सहाला मित्र आणि मी. पहिला आठवडा नुसती किक. डाव्या पायानं किक मारायची सवय कुणालाच नसते, त्यात इंजिन 250 सीसीचं, कॉम्प्रेशन चांगलं, अर्धवट मारली की दांडा उलटा येऊन नडगीवर बसायचा. माझी डावी नडगी महिनाभर निळी होती. किक मारून गाडी चालू झाली की पहिला आनंद, आणि त्या आनंदात दांडा खाली आणायचं विसरायचं. नंतर पायाला कळायला लागलं. डोक्यानं शिकलेलं विसरतं, पायानं शिकलेलं राहतं असं मला लेथवर पण वाटायचं. गिअर टाकून क्लच सोडायचं तर चार दिवसात जमलं, मला वाटतं लेथचा क्लच रोज हाताळतो त्याचा उपयोग झाला असावा.

लर्निंग लायसन काढलं, पुढं-मागं लाल एल लावला, तीस दिवस थांबून पक्क्या लायसनच्या टेस्टला गेलो. फॉर्म कन्नडमध्ये होता आणि मला तेव्हा कन्नड बोललेलं कळायचं खरं वाचता येत नव्हतं. काउंटरवर विचारलं तर वाचून घ्या म्हणून खिडकी सरकवली. मी बाहेर पायरीवर बसून राहिलो, एक तास. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, आपल्याच गावात फॉर्म वाचता येत नाही. मग मित्रानंच येऊन भरला आणि सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं. आठचा आकडा काढायची टेस्ट मी पहिल्या खेपेला पास झालो, पाय न टेकता.

त्या दिवसापासनं मी गाडीवर असताना बोर्ड वाचायला लागलो. मैलाच्या दगडावर, बसच्या पाटीवर, दुकानावर. गावं आपल्याला माहीत असतात, नाव माहीत असलं की अक्षर ओळखायला सोपं. खानापूरचा खा, हलग्याचा ह, काकतीचा का. हायवेला ताशी चाळीसनं जाता जाता सहा महिन्यात मला कन्नड वाचता यायला लागलं, कुठल्या क्लासला गेलो नाही. आणि उलटी गंमत म्हणजे वेंगुर्ला रोडनं बाची ओलांडून महाराष्ट्रातल्या शिनोळीला गेलं की पाट्या एकदम मराठी, तिथं मग न वाचता सगळं आत शिरायचं. बाची आणि शिनोळीच्या मधनं मी कितीतरी वेळा नुसता तेवढ्यासाठी गेलोय, शिनोळीला चहा घ्यायचा आणि परत यायचं.

आता तेलाचं सांगतो, ते महत्त्वाचं आहे.

पहिले चार महिने मी गुरुजींचं माप अगदी काटेकोर वापरलं. पंपावर गेलो की आधी टोपणानं तेल, मग पेट्रोल, मग गाडी दोन्ही पायांत धरून हलवायची म्हणजे मिसळतं. मागच्या गाडीवाल्याला घाई असायची, तो हॉर्न मारायचा. गाडी 28-30 चं ॲव्हरेज द्यायची. पण प्लग काळा पडायचा, कार्बन साचून मधली फट बुजायची आणि गाडी भर रस्त्यात बंद. मग प्लग पाना काढा, पॉलिश पेपरनं घासा, फुंकर मारा, परत लावा. उद्यमबागेच्या गेटसमोरच्या टपरीवर एकानं सांगितलं, तुझं तेल जास्त होतंय गा, आता तेलं चांगली आलीत, 25 मिली बास. मी ऐकलं. आणि एकदा माप सोडल्यावर माप राहतच नाही, नंतर मी बाटलीनंच ओतायला लागलो, डोळ्याच्या अंदाजानं. प्लग साफ राहायला लागला, गाडी हलकी पळायला लागली, धूर कमी झाला. मला वाटलं आपल्याला गुरुजींपेक्षा जास्त कळतंय.

त्याच वर्षी गणपतीत सावंतवाडीला मावशीकडे निघालो. धाकटा मामा मागं बसला, मांडीवर कुंद्याचा डबा, कारण मावशीला बेळगावचा कुंदा नाही नेला तर ती दारातच विचारणार. पहाटे पाचला निघालो. हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाची, शिनोळी, पाटणे फाटा, पुढं चंदगड भागातली ओली हिरवी शेतं, रस्त्याकडेला काजूची झाडं, आणि आंबोली जवळ आली तसं धुकं. हेडलाइट लावून पण पुढचं दिसत नव्हतं. आंबोलीत टपरीवर थांबलो, हात इतके गार की ग्लास धरल्यावर बोटांत कळ आली. मामा म्हणाला, गाडी चांगली आहे तुझी, बसायला मऊ आहे. मला फार बरं वाटलं, त्याचे 2,000 होते त्यात.

घाट उतरायला लागलो. उतारावर ब्रेक तापतात, पावसात ड्रम ब्रेक धरत नाही, म्हणून मी शहाणपणानं दुसऱ्या गिअरला ठेवली आणि ॲक्सिलेटर पूर्ण सोडून इंजिनच्या जोरावर गाडी उतरवत होतो. सगळे असंच सांगतात. बराच वेळ तसंच चाललं होतं. मग इंजिनचा आवाज बदलला. कसा ते सांगणं अवघड, कोरडा झाला, पत्र्याला पत्रा घासल्यासारखा, आणि मला तो ऐकू आला, ऐकू आला तरी मी काही केलं नाही, दोन वळणं तसाच गेलो. आणि एकदम मागचं चाक धरलं. गाडी ओल्या रस्त्यावर आडवी घसरायला लागली, डाव्या हातानं क्लच आपोआप दाबला गेला आणि चाक सुटलं. दगडी कठड्यापासनं चार हात आत थांबलो. मामा काही बोलला नाही. त्यानं डबा छातीशी धरला होता आणि त्याच्या पायाचा थरकाप मला सीटमधनं कळत होता.

दांडा फिरवून किक मारायला गेलो तर किक खालीच जाईना. इंजिन जाम.

पाऊस चालूच. अंगावर घाटाचं पाणी. सावंतवाडीकडे चाललेली एक एसटी थांबली, ड्रायव्हरनं खिडकीतनंच इंजिनकडे बघितलं आणि म्हणाला, "हात लावू नको आता. थंड होऊ दे. घाई केलीस तर तुटंल." मामाला म्हणाला चला बसा, मामा म्हणाला, नाही, पोराबरोबर राहतो. आम्ही दोघं पाऊण तास कठड्यावर बसून राहिलो. खाली सगळं धुकं, मधनंच धबधब्याचा आवाज. मी मामाला सगळं सांगितलं, गुरुजींचं माप, टपरीवरचं बोलणं, सगळं. त्यानं विचारलं, "माप आहे काय आता?" टूल बॉक्स उघडला तर पान्यांच्या खाली ते टोपण होतं. तिथं कठड्यावर बसून मी तेलाची बाटली उघडली आणि मापानं मोजून टाकीत तेल घातलं. प्लग काढून त्या भोकातनं थोडं तेल सिलिंडरमध्ये सोडलं, हातानं दांडा हळूहळू दाबला, आणि थोड्या वेळानं तो करकरत खाली गेला. पाचव्या किकला गाडी चालू झाली, निळा धूर सोडून. पुढचा सगळा घाट पहिल्या-दुसऱ्यात, मामा बरोबर चालत. दाणोलीला सपाटी लागल्यावर परत बसला.

मावशीकडे आरतीला उभा होतो तरी कानात तो कोरडा आवाज होता.

परत आल्यावर फोर्ट रोडकडच्या गॅरेजात गाडी नेली. तिथल्या चाचांनी हेड उघडलं, सिलिंडर वर ओढला आणि पिस्टन माझ्या हातात दिला. पिस्टनवर उभ्या दोन रेघा, खोल नाहीत, खरं बोट फिरवलं की लागत होत्या. चाचा म्हणाले, "तेल कितना डाला?" मी सांगितलं. ते रागावले नाहीत, समजावून सांगितलं आणि ते मी आजपर्यंत विसरलो नाही. चार स्ट्रोकच्या गाडीत तेल खाली भरलेलं असतं, ॲक्सिलेटर सोडलं काय दाबलं काय, तेल फिरत राहतं. ह्या गाडीत तेल पेट्रोलच्या पाठीवर बसून येतं. तू ॲक्सिलेटर सोडलास म्हणजे पेट्रोल बंद केलंस, पेट्रोल बंद म्हणजे तेल बंद, आणि इंजिन तर घाटाच्या उतारामुळे फिरतंयच जोरात. कोरडं फिरतंय. आधीच तेल कमी, त्यात उतार. उतारावर मधे मधे क्लच दाबून थोडी रेस द्यायची, तेवढंच तेल आत जातं.

मी लेथवरचा माणूस. कुलंट, म्हणजे टूल गार ठेवायचं पाणी, बंद करून कट घेतला तर टूल जळतं हे मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं, आणि रोज आठ तास कुलंटच्या पाण्यात हात घालून मी गाडीच्या बाबतीत तेच केलं. गॅरेजच्या स्टुलावर बसून हे कळलं तेव्हा मान खाली गेली.

बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली बाजू, वाचला. चाचांनी पिस्टन बारीक पेपरनं घासून घेतला, रिंगा नवीन घातल्या, 700 रुपये झाले. त्यानंतर गाडीचं काम करताना मी तिथंच बसायचो. सायलेन्सरच्या आतल्या नळ्या काढून कार्बन जाळायचं, पॉइंटचा गॅप बघायचा, क्लच वायरच्या शेजारी एक जादा वायर आधीच बांधून ठेवायची म्हणजे तुटली की नुसती टोकं बदलायची, हे सगळं त्यांच्याकडे शिकलो. पार्ट मिळत नाहीत म्हणणाऱ्यांचं थोडं खरं होतं, एकदा मागच्या स्विंग आर्मचे बुश गेले आणि कुठंच मिळाले नाहीत, कोल्हापूरला पण नाही. मग शॉपच्या मालकांना विचारून जेवणाच्या सुट्टीत गनमेटलचा तुकडा लेथवर लावला आणि जुना बुश मोजून नवीन काढले. पहिला जोड सैल झाला, दुसरा बरोबर बसला. ते बुश अजून त्याच गाडीत आहेत.

दिवाळीच्या आधी मी खानापूरला गुरुजींकडे गेलो, सांगायला. न सांगता राहवत नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आंबोलीचा घाट, मामा, एसटीवाला. शेवटी आत गेले, वही आणली आणि माझ्या हातात दिली. म्हणाले, "आता तू लिही." पहिल्यांदा का दिली नव्हती ते मी विचारलं नाही. त्यांच्या शेवटच्या नोंदीखाली मी त्यांच्यासमोरच लिहिलं, तारीख, घाट, इंजिन जाम, रिंगा, 700 रुपये. माझं अक्षर बघून त्यांनी एक वेलांटी सुधारली.

2001 ला गाडीला 15 वर्षं झाली आणि आरसी रिन्यू करायची वेळ आली. आठ दिवस तयारी केली. ब्रेक शू बदलले, इंडिकेटर, हॉर्न, सगळं. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली की आकडे उमटतात, तो कागद फॉर्मला लावायचा असतो, मी दोन काढले, एक फॉर्मला आणि एक वहीत चिकटवला. ह्या खेपेला कन्नड फॉर्म मी स्वतः वाचला आणि स्वतः भरला, शेजारी एक म्हातारे शेतकरी ट्रॅक्टरचे कागद घेऊन उभे होते, त्यांना पण वाचून दाखवला. इन्स्पेक्टर म्हणाले चालू करा. पहिली किक वाया गेली, दुसरीला चालू. त्यांनी सायलेन्सरकडे बघितलं, नंबर बघितला, शिक्का मारला. पाच वर्षं पुढं.

तिथनं घरी न जाता तसाच खानापूरला गेलो. गुरुजींची नजर तोपर्यंत कमी झाली होती, खुर्चीत सोप्यात बसलेले, गाडीच्या आवाजावरनंच मी आलोय ते त्यांनी ओळखलं. आरसी हातात दिली, त्यांनी शिक्क्यावरनं बोट फिरवलं. मग म्हणाले, चालू कर परत एकदा. केली. मान तिरकी करून ते ऐकत राहिले, मिनिटभर तरी.

"तेल बरोबर आहे. प्लग जरा काळा पडायलाय, बघून घे."

रात्री घरी येऊन प्लग काढला. काळा होता.